दिवसा 10,000 वॅट, रात्री 7

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या उत्तर टोकाला, व्हर्जिनियाच्या हद्दीलगत, माउंट एअरी नावाचं गाव आहे. वस्ती साधारण 10,000. गावाला लागून ग्रॅनाइटची प्रचंड उघडी खाण, एकेकाळी मोज्यांचे आणि कापडाचे कारखाने, भोवती तंबाखूची शेतं आणि वर ब्लू रिज डोंगररांग. या गावात 2 फेब्रुवारी 1948 रोजी डब्ल्यूपीएक्यू हे रेडिओ केंद्र सुरू झालं. मीडियम वेव्हवर, 740 किलोहर्ट्झला. ते आजही तिथेच लागतं. फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजो ही तंतुवाद्यं, त्यांच्यावरचं ब्लूग्रास नावाचं डोंगरी संगीत, चर्चची गाणी आणि गावातल्या निधनवार्ता, असा त्याचा दिवस जातो. दिवसा त्याची शक्ती 10,000 वॅट असते, म्हणजे गावात माणशी एक वॅट. रात्री उरतात 7 वॅट.

या केंद्राबद्दल बोलताना संस्थापक रॅल्फ एपरसन यांचं जुन्या संगीतावरचं प्रेम नेहमी सांगितलं जातं. ते खरंच होतं. पण नुसत्या प्रेमावर केंद्र सत्तर-पंचाहत्तर वर्षं चालत नाही. ते काय वाजवेल, कधी वाजवेल आणि किती दूर ऐकू जाईल, हे तरंगसंख्या (म्हणजे रेडिओवरचा 740 हा नंबर), सूर्यास्ताची वेळ आणि गावातल्या दुकानदाराचा खिसा या तिघांनी ठरवलं. छोट्या गावातल्या कंट्री रेडिओचा, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण संगीत वाजवणाऱ्या रेडिओचा, इतिहास कळायचा तर आधी सूर्यास्ताचं प्रकरण समजून घ्यावं लागतं.

740 नंबर कोणाचा?

मीडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीलगत सरपटत जाते. वर आकाशाकडे गेलेला भाग साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित थर शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरून जातो. मग तीच लहर त्याच्याही वरच्या थरापर्यंत पोचते, तिथून वळून खाली येते आणि शेकडो किलोमीटर दूर उतरते. रात्री मीडियम वेव्हवर परमुलखातली केंद्रं लागायची, ती याचमुळे.

दूरचं ऐकू येतं ही श्रोत्याची चैन झाली. केंद्र चालवणाऱ्याला तो ताप असतो. दोन केंद्रं एकाच नंबरवर असतील आणि रात्री दोघांच्या लहरी एकाच गावात उतरल्या, तर शेजारशेजारच्या दोन मांडवांत कर्णे लावल्यासारखं होतं. त्यात दोघांची तरंगसंख्या काही हर्ट्झने जरी वेगळी असली, तरी आवाज लाटेसारखा खालीवर होत राहतो.

हा गोंधळ टाळण्यासाठी उत्तर अमेरिकेतल्या देशांनी एक करार केला. तो मार्च 1941 मध्ये अमलात आला. त्यात काही नंबर एकेका देशासाठी राखून ठेवले आणि 740 कॅनडाच्या वाट्याला गेला. टोरांटोत सरकारी सीबीसीचं 50,000 वॅटचं केंद्र या नंबरवर बसलं. सीबीसीने 1999 मध्ये तो सोडला, तरी पुढे दुसरं कॅनडियन केंद्र तिथे आलंच. माउंट एअरी ते टोरांटो हे अंतर हवाईमार्गे सुमारे 800 किलोमीटर आहे. रात्रीची आकाशलहर एवढ्या अंतरावर सहज उतरते.

म्हणून 1948 चा परवाना फक्त दिवसापुरता होता: सूर्योदयाला सुरू, सूर्यास्ताला बंद. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी अशा परवान्यात दर महिन्याची वेळ लिहून देते, जवळच्या पंधरा मिनिटांना धरून. माउंट एअरीत डिसेंबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये पावणेनऊच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात जेमतेम पावणेदहा तासांचं केंद्र उन्हाळ्यात साडेचौदा तासांचं होतं. धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट ही हिवाळ्यातली सकाळ. लोक साडेसहाला कामाला निघणार आणि केंद्र साडेसातला सुरू होणार! जाहिरातीचा सगळ्यात महाग तास तोच असतो. पुढे अशा केंद्रांना पहाटे कमी शक्तीवर सुरू करायची सवलत मिळाली आणि 1980 च्या दशकात, शेजारी देशांशी नवे करार झाल्यावर, रात्रीही अगदी थोड्या शक्तीवर चालू राहता येऊ लागलं. डब्ल्यूपीएक्यूच्या 7 वॅटमागे हीच व्यवस्था आहे.

10,000 वरून 7 वॅटवर आलं म्हणजे आवाका किती घटला? शक्ती साधारण 1,400 पटींनी कमी झाली, पण लहरीची तीव्रता शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे तीव्रता सुमारे 38 पटींनी उतरली. गावात ऐकू येतं, पुढच्या घाटात खरखर. शिवाय सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास आकाशातला थर अर्धवट असतो. तेव्हा शक्ती मधल्या पायरीवर, 1,000 वॅटवर आणावी लागते. शेजारच्या तालुक्यातला श्रोता संध्याकाळी चारला तक्रार करतो की आवाज बारीक झाला. यंत्रात काही बिघडलेलं नसतं, परवान्यात तसंच लिहिलेलं असतं.

जमिनीखालचं तांबं

मीडियम वेव्हचा टॉवर पाहणाऱ्याला वाटतं, वर कुठेतरी अँटेना बसवलेला असेल. तसं नसतं. अख्खा टॉवरच अँटेना असतो. तो बुडाशी चिनीमातीच्या जाड इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्या पोलादातून थेट रेडिओची वीज खेळत असते, म्हणून भोवती कुंपण. उंची शक्यतो लहरीच्या लांबीच्या चौथा हिस्सा ठेवतात. 740 किलोहर्ट्झची लहर 405 मीटर लांब असते, म्हणजे टॉवर 100 मीटरच्या आसपास.

खरा खर्च मात्र जमिनीत पुरलेला असतो. टॉवरच्या बुडापासून चारी दिशांना तांब्याच्या तारा वीतभर खोल गाडतात. रूढ प्रमाण 120 तारांचं आहे. म्हणजे दर तीन अंशांवर एक. प्रत्येक तार टॉवरच्या उंचीइतकी लांब धरली तर बारा किलोमीटर तांबं होतं. या तारा कुजल्या, नांगराने तुटल्या किंवा चोरांनी उपटून नेल्या, तर ट्रान्समीटरचे काटे जवळपास जागेवरच राहतात, पण बरीच शक्ती मातीत मुरते आणि केंद्राचा टापू हळूहळू आक्रसतो. म्हणून जाणता इंजिनीअर नुसत्या ट्रान्समीटरच्या मीटरवर विसंबत नाही. गाडीत तीव्रता मोजायचं यंत्र घेऊन दरवर्षी त्याच त्या ठिकाणी उभा राहून आकडे टिपतो. मातीचाही वाटा असतो. ओली, सुपीक जमीन लहरीला मानवते, खडकाळ जमीन तिला लवकर दमवते. ग्रॅनाइटच्या डोंगराशेजारी केंद्र काढणाऱ्याला हे हिशेबात धरावंच लागतं.

1948 च का?

दुसऱ्या महायुद्धात नवी केंद्रं उभारायला जवळपास बंदी होती, साहित्य सगळं लष्कराकडे जाई. युद्ध संपलं आणि परवान्यांची दारं उघडली. देशात 1945 मध्ये साधारण 900 एएम (म्हणजे मीडियम वेव्हवरची) केंद्रं होती, 1950 पर्यंत ती 2,000 च्या वर गेली. युद्धात रेडिओचं तंत्र शिकलेले तरुण घरी परतले होते आणि मोठ्या शहरांतले चांगले नंबर आधीच गेलेले होते. उरले ते दिवसापुरते, छोट्या गावांतले. एपरसन यांचं बालपण राज्याच्या हद्दीपलीकडे व्हर्जिनियातल्या अॅरॅरट भागात गेलं, आणि रेडिओचं वेड त्यांना मुलगा असल्यापासून होतं. त्यांनी या उरलेल्या नंबरांपैकी एक उचलला.

(आपल्याकडे हे घडायला वावच नव्हता. खासगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी 1930 मध्ये गुंडाळली गेली आणि मीडियम वेव्ह त्यानंतर सरकारकडेच राहिली. त्यामुळे गावातल्या किराणा दुकानाच्या जाहिरातीवर चालणारं मीडियम वेव्ह केंद्र ही गोष्ट आपल्याला ऐकायलाही नवी.)

रेडिओवरचं कंट्री संगीत तेव्हा पंचवीस वर्षांचं झालं होतं. टेक्सासमधल्या फोर्टवर्थच्या केंद्राने 1923 मध्ये, शिकागोच्या डब्ल्यूएलएसने 1924 मध्ये आणि नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएमने नोव्हेंबर 1925 मध्ये खळ्यातल्या नाचाच्या धर्तीवर कार्यक्रम सुरू केले. नॅशव्हिलचा तो कार्यक्रम पुढे ग्रँड ओल ऑप्री म्हणून गाजला. डब्ल्यूएसएमकडे 50,000 वॅट होते आणि 650 हा नंबर रात्री जवळजवळ एकट्याचा. ते निम्म्या देशाला ऐकू जाई. अशा केंद्राला नामवंत परवडतात. दिवसापुरत्या गावकेंद्राला मात्र गावातलेच वादक मिळतात, तेही बहुधा फुकट.

फुकट वाजवणाऱ्याला काय मिळे?

हे गणित लक्षात घेतलं नाही तर त्या काळचं कंट्री रेडिओ कळत नाही. वाद्यवृंदाला पहाटे किंवा भरदुपारी पंधरा मिनिटं मिळत. दुपार मोलाची, कारण शेतकरी तेव्हा जेवायला घरी येई. मानधन नाममात्र किंवा शून्य. त्या बदल्यात दोन गाण्यांच्या मध्ये सांगायची परवानगी असे की शुक्रवारी संध्याकाळी अमुक शाळेत आमचा कार्यक्रम आहे. तिकिटाचे पैसे वादकांचे. शिवाय गाण्यांच्या पुस्तिका आणि फोटो टपालाने विकता येत. किती पत्रं आली यावरून केंद्राला आणि जाहिरातदाराला श्रोते मोजता येत. काही महिन्यांत आसपासच्या सगळ्या शाळा वाजवून झाल्या की गर्दी ओसरे. मग वृंद गाशा गुंडाळून दुसऱ्या केंद्राच्या टापूत जाई. टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावातलं डब्ल्यूसीवायबी केंद्र अशा फिरत्या वृंदांचं मोठं ठाणं होतं. स्टॅनली ब्रदर्स आणि फ्लॅट-स्क्रग्ज ही ब्लूग्रासमधली बडी नावं तिथल्या दुपारच्या कार्यक्रमातून पुढे आली.

डब्ल्यूपीएक्यूचा शनिवारचा मेरी-गो-राउंड हा कार्यक्रमही 1948 पासूनचा. फरक इतकाच की त्यातले बरेचसे वादक पोटासाठी फिरणारे नव्हते. कारखान्यात, खाणीत, शेतात राबून शनिवारी वाजवायला येणारी ती माणसं. गावाच्या पश्चिमेला राउंड पीक नावाची वस्ती आहे. तिथल्या फिडल-बँजोच्या खास ढंगाला पुढे तिचंच नाव पडलं. या ढंगात बँजो बोटांनी वरच्या दिशेने छेडत नाहीत, नखाने खाली आघात करत वाजवतात. फिडल आणि बँजो एकमेकांत इतके गुंफलेले असतात की कोण साथीला आहे ते सांगता येऊ नये. त्या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला फिडलवादक टॉमी जॅरेल आयुष्यभर राज्याच्या रस्तेखात्यात यंत्र चालवत होता. देशाचा पारंपरिक कलेचा मोठा सन्मान त्याला 1982 मध्ये मिळाला, तेव्हा तो ऐंशी ओलांडलेला होता.

एक मायक्रोफोन, सहा माणसं

त्या काळातल्या थेट प्रसारणात बऱ्याचदा एकच रिबन मायक्रोफोन असे. तो समोरून आणि मागून ऐकतो, बाजूंनी जवळपास बहिरा असतो. त्यामुळे गायक एका अंगाला, साथीदार दुसऱ्या अंगाला उभे करता येतात. बँजो सगळ्यात कडक, तो लांब. गिटार मऊ, ती जवळ. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवून होताच मागे हटतो. ध्वनियंत्रकाने बटणं फिरवून साधायचं काम वादक पायांनी साधतात. चुका ठरलेल्या. गायक फार जवळ आला तर रिबन मायक्रोफोन खालचे स्वर फुगवतो आणि आवाज घुमतो. दोघं एकदम पुढे आले तर ट्रान्समीटर मर्यादेबाहेर जातो आणि आवाज फाटतो. फुंकर तर अजिबात चालत नाही. आतली अॅल्युमिनियमची पट्टी कागदाहून कितीतरी पातळ असते, ती ताणली गेली की मायक्रोफोन दुरुस्तीला.

ध्वनिमुद्रणासाठी टेप येण्याआधी अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेल्या तबकड्या वापरत. नेहमीचा आकार 16 इंच, वेग मिनिटाला 33⅓ फेरे, एका बाजूला सुमारे पंधरा मिनिटं. सुई थेट त्या थरात खाच कोरत जाई आणि निघणारा बारीक तंतू ब्रशने किंवा हवेने ओढून काढावा लागे. तो सुईखाली अडकला तर खाच गेलीच. हा तंतू भसकन पेट घेतो, म्हणून कचरापेटीजवळ सिगारेट ओढायला सक्त मनाई. अशी तबकडी थोड्याच वेळा वाजवली तरी झिजते. नुसती ठेवून दिली तर थरातलं एरंडेल हळूहळू बाहेर येतं, वर पांढरी भुकटी साचते, थर आकसतो आणि चकतीवरून पापुद्र्यासारखा सुटतो. तडकलेली तबकडी पुन्हा जोडता येत नाही. बहुतेक केंद्रांनी असल्या तबकड्या कचऱ्यात टाकल्या. एपरसन यांनी जपल्या. त्यातला निवडक भाग 1999 मध्ये राउंडर रेकॉर्ड्सने सीडीवर आणला. बड्या कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांत न सापडणारं गावकुसातलं वादन त्यामुळे हाताशी आलं. केंद्राची सगळ्यात मोठी कमाई मला हीच वाटते.

पैसा

गावकेंद्राचं उत्पन्न हार्डवेअरचं दुकान, गाड्यांचा विक्रेता, अंत्यसंस्कार करणारी संस्था आणि रविवारी प्रवचनासाठी वेळ विकत घेणारे धर्मोपदेशक यांच्यावर चालतं. निधनवार्तांना श्रोता हमखास असतो, म्हणून त्यांच्या आगेमागेची जाहिरात लवकर विकली जाते. आणखी एक सोय होती: फ्रिज किंवा ट्रॅक्टर बनवणारी कंपनी स्थानिक विक्रेत्याच्या जाहिरातीचा काही वाटा, बऱ्याचदा निम्मा, परत देई. यात एक भानगड पुष्कळ चाले. केंद्र विक्रेत्याला दोन बिलं द्यायचं, एक खऱ्या रकमेचं आणि एक कंपनीला दाखवायला फुगवलेलं. एफसीसीने 1960 च्या दशकात यावर नियम केला आणि त्यापायी काही केंद्रांचे परवानेही धोक्यात आले.

गाण्यांचे पैसेही द्यावे लागतात, पण कोणाला ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत एएम-एफएम केंद्र गीतकार-संगीतकारांच्या संस्थेला वार्षिक शुल्क देतं, ध्वनिमुद्रिकेतल्या गायकाला काहीच देत नाही. पूर्वी एस्कॅप ही एकच मोठी संस्था होती आणि डोंगरी गाणी रचणाऱ्यांना तिथे सहसा प्रवेश नसे. तिने दर वाढवल्यावर केंद्रांनी 1939 मध्ये बीएमआय ही स्वतःची संस्था काढली आणि 1941 मध्ये सुमारे दहा महिने रेडिओच्या देशव्यापी साखळ्यांनी (नेटवर्कनी) एस्कॅपची गाणी वाजवलीच नाहीत. ती पोकळी भरायला बीएमआयने कंट्री आणि ब्लूजच्या रचनाकारांना आत घेतलं. कंट्री गाणं लिहून पोट भरता येण्याची वाट त्या भांडणातून रुंदावली.

मग बाकीची केंद्रं कुठे गेली?

दूरचित्रवाणी आल्यावर नाटकं आणि मालिका तिकडे गेल्या, रेडिओकडे तबकड्या उरल्या. एकाच प्रकारचं संगीत दिवसभर वाजवायची पद्धत पडली. टेक्सासमधल्या लबक गावचं केडीएव्ही, 1953, हे पूर्णवेळ कंट्री वाजवणारं पहिलं केंद्र म्हणून सहसा सांगतात. कंट्री म्युझिक असोसिएशनने 1961 मध्ये मोजली तेव्हा अशी केंद्रं 81 भरली. 1969 पर्यंत ती 600 च्या वर गेली. केंद्रं वाढली आणि विविधता घटली, कारण यादी आता नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची गुळगुळीत गाणी आणि सल्लागारांचे आकडे पाहून ठरू लागली. 1980 च्या दशकात उपग्रहावरून तयार कार्यक्रम मिळू लागला आणि निवेदकाचीही गरज संपली. पुढे 1996 च्या कायद्याने एका कंपनीने देशभर किती केंद्रं घ्यावीत यावरची मर्यादा उठवली. तोवर ती 20 एएम आणि 20 एफएम होती. काही वर्षांत एका कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रं गेली.

डब्ल्यूपीएक्यू यातून सुटलं, त्यात हट्ट होता तसा हिशेबही होता. रात्र नसलेलं, डोंगरात अडकलेलं एएम केंद्र मोठ्या कंपनीला नकोच असतं. आणि शहरी एफएमशी त्याच गाण्यांवर स्पर्धा करण्यात केंद्राचं मरण होतं. दुसरीकडे कुठेच न मिळणारं वाजवणं हा धंद्याच्या अंगानेही शहाणपणाच होता. रॅल्फ एपरसन 2006 मध्ये वारले. त्यानंतर मुलाने, केली एपरसन यांनी, केंद्र चालवलं.

आजचा शत्रू टोरांटो नाही. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर आणि गंजलेल्या वीजवाहिन्या मीडियम वेव्हवर इतका गोंगाट करतात की घरात बसून एएम ऐकणं कठीण झालंय. यावर उतारा म्हणून एफसीसीने एएम केंद्रांना छोटं एफएम पुनर्प्रक्षेपक वापरू दिलं, कमाल 250 वॅट. ते रात्री बंद करावं लागत नाही, त्यामुळे रात्रीची अडचण गावापुरती सुटते. इंटरनेटवरून ऐकवताना मात्र नियम उलटतो. तिथे ध्वनिमुद्रिकेतल्या कलाकारालाही पैसे द्यावे लागतात.

मेरी-गो-राउंड आता मुख्य रस्त्यावरच्या जुन्या अर्ल चित्रपटगृहातून दर शनिवारी तिथल्या सकाळी अकरा ते दुपारी दीड थेट होतो. भारतात ऐकायचं तर उन्हाळ्यात रात्री साडेआठला लावा. अमेरिकेची घड्याळं नोव्हेंबरात मागे जातात, तेव्हापासून मार्चपर्यंत साडेनऊला.